आई रोज जुन्या घरी जाते, घर विकून टाकू का?

पत्र

ताई, नमस्कार. मी जळगावचा, वय ४९, बँकेत नोकरी. आमचं जुनं घर जुन्या गावात, रथाच्या वाटेवरच्या एका गल्लीत आहे. खाली धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) तीन खोल्या, वर पत्र्याची एक, पुढे ओटा. वडील सहा वर्षांपूर्वी गेले. त्यांना ॲटॅक आला त्या रात्री ॲम्ब्युलन्स गल्लीत शिरेना, पोरांनी बाजेवर घालून चौकापर्यंत नेलं. तेव्हाच मी ठरवलं की इथं राहायचं नाही. दोन वर्षांनी महामार्गापलीकडे कॉलनीत घर घेतलं, आईला (वय ७३) सोबत आणलं. आता आई रात्री आमच्याकडे झोपते, सकाळी आंघोळ-पूजा झाली की रिक्षानं जुन्या घरी जाऊन बसते, ती दिवेलागणीला परत. भर मे महिन्यातही खाडा नाही. गल्लीत बोलतात की सून नीट बघत नाही म्हणून म्हातारी इथं येते. बायकोला ती गल्ली आधीच नकोशी आहे. लग्नानंतर सहा वर्षं मूल नव्हतं तेव्हा त्या ओट्यांवरून तिनं फार ऐकलंय. या पावसाळ्यात मागच्या खोलीच्या धाब्याचा कोपरा खाली आला. नशीब, आई पुढे होती. शेजारच्या व्यापाऱ्याला गोदामासाठी जागा हवी आहे. भाव बरा देतो, पण महिन्याभरात होकार पाहिजे आणि बरीच रक्कम रोखीत. पुण्याचा धाकटा भाऊ तयार आहे. भुसावळची बहीण नको म्हणते. आईला अजून विचारलेलं नाही. घर विकलं की तिचं जाणं आपोआप थांबेल आणि ती इथं रमेल, असं मला वाटतं. बरोबर आहे ना? आणि लोकांच्या तोंडाचं काय करू?

उत्तर

भाऊ,

तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत, मीही तसंच उत्तर देते. व्यापाऱ्याला विचारून झालं, पुण्याला विचारून झालं, भुसावळला विचारून झालं, आता मलाही विचारलंत. जिचं ते घर आहे ती बाई तेवढी राहिली. हे मी नुसतं भावनेच्या भरात म्हणत नाही, कायद्यानंही त्या घरात तिचा वाटा आहे. त्याकडे पुढे येते.

आधी सरळ उत्तर. घर विकल्यानं आईंचं जाणं थांबणार नाही. त्या जातीलच, फक्त शेजारणीच्या ओट्यावर बसतील. आज तिथं त्यांचं स्वतःचं न्हाणीघर आहे, संडास आहे, दुपारी अंग टाकायला बाज आहे, माठ आहे. उद्या यातली एकेक गोष्ट दुसऱ्याच्या दारात मागावी लागेल. लोक आज काय बोलतात याचा तुम्हाला त्रास होतोय. मुलानं घर विकलं आणि आई लोकांच्या पायरीवर बसते, हे बोलणं त्याहून गोड लागेल का?

तुम्ही लिहिलंय की आई तिथं "जाऊन बसते". त्या दिवसभर काय करतात हे तुम्ही पाहिलंय का? मी तुमच्या आईंना ओळखत नाही, पण जळगावच्या, अमळनेरच्या, चोपड्याच्या जुन्या गल्ल्यांमधल्या अशा पुष्कळ बाया पाहिल्यात. त्यातली बसून राहणारी मला फारशी आठवत नाही. नवरा-बायको दोघं कामावर जाणाऱ्या घरांच्या किल्ल्या यांच्याकडे असतात. नळ आला की दोन घरच्या टाक्यांचे कॉक यांनी सोडायचे. शाळेतून आलेलं पोर आई येईपर्यंत यांच्या ओट्यावर. कुरिअरवाला दार वाजवत नाही, थेट यांच्याकडे पार्सल देऊन मोकळा होतो. कुणाकडे बारसं असेल तर बोलावणं कुणाकुणाला गेलं पाहिजे, कुणाचं कुणाशी वाकडं आहे, कुणाला कुणाच्या शेजारी बसवायचं नाही, हे यांच्या डोक्यात. चैत्र लागला की ज्वारी भिजत घालायची कधी, बिबड्यांचं (ज्वारीच्या पापडांचं) पीठ हाटायला कुणाच्या चुलीवर बसायचं, धाब्यावर धोतरं कुणाची पसरायची, मिरची किती, तीळ किती, हे सगळं विचारायला सुना यांच्याकडेच येतात. श्रावणात कानबाईचे रोट असोत की भादव्याच्या पुनवेपासून भुलाबाई, गाण्याची पुढची ओळ अडली की सगळ्या यांच्या तोंडाकडे बघतात.

भाऊ, ही नोकरी आहे. पगार नाही, पण हजेरी आहे. एक दिवस गेलं नाही तर दुसऱ्या दिवशी "काल कुठी होती व माय?" असं चार जणी विचारतात. तुमच्या कॉलनीत आई सकाळपासून संध्याकाळपर्यंत दिसल्या नाहीत तर कोण विचारतं? मी टोमणा मारत नाही. कॉलनीतली माणसं वाईट नसतात. पण तिथं कंपाउंडची भिंत आहे, फाटक आहे, फाटकावर कुत्र्याची पाटी आहे आणि दुपारी दार लावून कूलर सुरू आहे. अशा रस्त्यावर ७३ वर्षांच्या बाईला ओळख करायची म्हटलं तर कशाच्या निमित्तानं करणार? तुमच्याकडे त्यांना जेवण आहे, औषध आहे, टीव्ही आहे, नातवंडं आहेत. करायला काम नाही. स्वयंपाकघर सुनेचं आहे आणि ते तसंच असावं. मग उरला तो आराम. आयुष्यभर कामात असलेल्या बाईला सगळे मिळून आराम देऊ लागले की ती चप्पल शोधते.

हे ऐकून तुम्ही त्यांना ज्येष्ठ नागरिक संघात किंवा हास्य क्लबात घालायला निघाल, म्हणून आधीच सांगते: नको. त्यांना जायचं असेल तर जातील. गल्ली सोडवण्याचं औषध म्हणून पाठवाल तर त्या दोन दिवस जातील आणि तिसऱ्या दिवशी रिक्षा रथ चौकाकडे वळवतील.

रथाचं तर तुम्हाला मी काय सांगावं, तुम्ही त्या वाटेवरच जन्मलात. १८७२ साली अप्पा महाराजांनी सुरू केलेला श्रीरामाचा रथ दर कार्तिकी एकादशीला याच पेठांमधून फिरतो. प्रतिपदेपासून रोज वहन, म्हणजे देवाच्या वाहनाची मिरवणूक, निघतं. रथाच्या चाकाखाली मोगरी (रथ आवरायचा लाकडी ठोकळा) लावणारी माणसं ठरलेली, आणि भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या समाधीपाशी रथ थांबायचा म्हणजे थांबायचाच. त्या दिवशी रथाच्या वाटेवर ज्याचं घर आहे त्याचा रुबाब काही वेगळाच असतो. वर्षभर फोन न करणारे मावसभाऊ सकाळीच हजर होतात. आई त्या दिवशी स्वतःच्या ओट्यावर उभ्या राहून आरती ओवाळतात. घर विकल्यावरही रथ त्यांना दिसेल, कॉलनीतून गाडीनं नेऊन तुम्ही दाखवालही. पण तेव्हा त्या गर्दीत उभ्या असतील. घराची किंमत काढताना व्यापारी चौरस फूट मोजतो, त्याचं चूक नाही. तुम्ही मात्र हेही धरा.

एवढं सगळं ऐकून "ताई गल्लीच्या प्रेमात पडल्यात" असं तुमच्या सौभाग्यवती म्हणतील. त्यांना सांगा की नाही. माझं माहेर धुळ्याचं. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्जनं तिथं नवी पेठ वसवली, आणि तिथल्या गल्ल्यांना अजून नंबरानं हाक मारतात. तीन नंबरमध्ये शिंकलं तर चार नंबरमध्ये "सत्य आहे" म्हणायचे, इतकी जवळीक. त्या जवळिकीची दुसरी बाजू मला पुरती ठाऊक आहे. खिडकीतला दिवा किती वाजता मालवला, मुलगी कुणाच्या गाडीवरून उतरली, सून माहेराहून दोन दिवस उशिरा का आली, सगळ्याची नोंद होते. ज्या ओट्यावर तुमच्या आईंना मान आहे त्याच ओट्यासमोरून तुमची बायको सहा वर्षं मान खाली घालून गेली. "काही आहे का?" हा प्रश्न तिला किती जणींनी, किती वेळा, आणि कुणाकुणासमोर विचारला असेल याची मोजदाद तुमच्याकडे नसेल, तिच्याकडे आहे. ती गल्लीत पाय ठेवत नाही यात तिचं काही चुकत नाही. तिला "जुनं विसर" म्हणू नका.

आणि इथं एक अवघड गोष्ट विचारते. त्या दिवसांत त्या ओट्यावर तुमच्या आईही असणार. बायका बोलायच्या तेव्हा आई काय करत होत्या? गप्प होत्या, विषय बदलत होत्या, की त्याही "बघा ना" म्हणत होत्या? तुम्हाला उत्तर ठाऊक असेल किंवा नसेल, तुमच्या पत्नीला नक्की ठाऊक आहे. तुमच्या घरात आज जे चाललंय, आईचं रोज निघून जाणं आणि सुनेनं त्याबद्दल काहीच न बोलणं, त्याची मुळी मला तरी इथं दिसते. विटा-मातीचं घर विकून ती निघणार नाही.

म्हणून एकदा आईंशी, एकट्यानं, बायकोसमोर नाही, बोला. आरोप करू नका. एवढंच म्हणा की, "गल्लीत आता तिच्याबद्दल जे बोलतात ते तुझ्या कानावर येतं. तू तिथं असतेस. एकदा तू बोल." गल्लीचं तोंड तुम्ही बंद करू शकत नाही, मी करू शकत नाही, पण गल्लीतल्या थोरल्या बाईनं ओट्यावर बसून, "माझी सून सकाळी मला खाऊ घातल्याशिवाय निघू देत नाही, मी माझ्या हौसेनं येते" असं दोनदा म्हटलं की तो विषय संपतो. हे आईंनीच म्हणायला हवं, दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्याला किंमत नाही. त्या वीस वर्षांपूर्वी बोलल्या नसतील तर आता बोलू देत. तुमच्या पत्नीला ते कुठून तरी कळेलच. गल्ली आहे ती, कळतं.

लोकांच्या बाबतीत तुम्ही स्वतः करायचं ते सोपं आहे. रविवारी आईंना रिक्षानं पाठवू नका, तुम्ही घेऊन जा. गाडी चौकात लावा, चालत आत जा, ओट्यावर तासभर बसा. चहा कुणीतरी आणेलच. मोबाइल खिशात ठेवा. मुलगा दिसत नाही म्हणून लोक सुनेवर घसरतात. मुलगा दिसला की त्यांना दुसरा विषय शोधावा लागतो. पत्नीला चला म्हणू नका. त्यांना यायचं असेल तेव्हा येतील, नाही आल्या तरी चालेल.

आता घराकडे. तुम्ही "नशीब, आई पुढे होती" असं लिहिलंय. यात नशिबाचा भाग कमी आहे. धाब्याचं घर हे राबतं घर असतं. लाकडी सऱ्यांवर फळ्या किंवा काड्या, त्यावर मातीचा जाड थर, आणि दरवर्षी पावसाच्या तोंडावर वर खारी माती टाकून दाबायची, पन्हाळी मोकळी करायची, उगवलेलं गवत उपटायचं. वडील असेपर्यंत ते होत असणार. तुम्ही कॉलनीत गेल्यापासून चार पावसाळे धाब्यावर कुणी माती टाकली? माती फुटली की पाणी आत मुरतं, ओल्या मातीचं वजन वाढतं, लाकूड कुजतं, त्यात वाळवी लागली तर विचारायलाच नको. तेव्हा उद्याच्या उद्या दोन गोष्टी करा. मागच्या खोलीला कुलूप घाला आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा; आई ती खोली वापरत असतील तर कपाट, डबे पुढे आणून द्या. आणि एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला सगळं घर दाखवा. ओळखीच्या गवंड्यावर भागवू नका. पुढच्या दोन खोल्या ठीक आहेत का, हा खरा प्रश्न आहे. त्यावर पुढचं सगळं अवलंबून. जुनं वायरिंगही तपासून घ्या, ओल आणि उघडी तार एकत्र नको.

इंजिनिअर पुढचा भागही राहण्याजोगा नाही म्हणाला तर आईंचं जाणं त्या दिवसापासून बंद, त्यात माझं दुमत नाही. तेव्हा आईंना इंजिनिअरच्या तोंडून ऐकू द्या, तुमच्या तोंडून नको. नाहीतर त्यांना वाटेल की मुलानं निमित्त काढलं. शिवाय पडायला आलेल्या बांधकामाबद्दल महापालिका कायद्याच्या कलम २६४ खाली नोटीस येऊ शकते. शेजाऱ्यानं तक्रार केली तर लवकर येईल. नोटीस आली की वेळ आपल्या हातात राहत नाही.

पण माझा अंदाज असा की पुढचा भाग उभा राहील. तसं असेल तर मागची खोली उतरवा. कामगारांना आधीच बजावा की सामाईक भिंतीला हात लावण्यापूर्वी पलीकडच्या घरच्यांना बोलवायचं. जुन्या गावात घरं पाठीला पाठ लावून आहेत, तुमच्या भिंतीतच शेजाऱ्याच्या सऱ्यांची टोकं अडकलेली असतात. तुमची माती उतरवताना त्याचं छत हललं तर चाळीस वर्षांचा शेजार आठवड्यात कोर्टात जातो. पुढच्या दोन खोल्यांवर आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर), मृगाच्या आधी, माती टाकून घ्या, किंवा माती कमी करून वर पत्रे घाला. पत्रे घातले तर खोली तापेल हे लक्षात असू द्या. तुम्हाला नवल वाटतं की आई मेच्या उन्हात तिकडे जातात. मला वाटत नाही. हातभर मातीच्या छताखाली आणि जाड भिंतींत दुपारी जो गारवा असतो तो कॉलनीतल्या स्लॅबखाली कूलर लावूनही मिळत नाही. फक्त जाण्याची वेळ सकाळी नऊच्या आत आणि परत येण्याची सहानंतर ठेवा. एक रिक्षावाला महिन्याच्या हिशेबानं ठरवा, त्याचा नंबर तुमच्याकडे आणि तुमचा त्याच्याकडे.

न्हाणीघरात धरायला दांडी, खुर्चीचं संडास, ओट्याच्या पायऱ्यांना कठडा. या तीन गोष्टींना जेवढा खर्च येईल तेवढा पडून पाय मोडल्यावरच्या एका दिवसाला येतो.

ॲम्ब्युलन्सची तुमची भीती खोटी नाही, तिच्यावर मी वाद घालणार नाही. वडिलांच्या वेळी जे झालं ते माणूस विसरत नाही. पण त्या रात्रीच्या तुमच्याच वर्णनात बाज उचलणारी पोरंही आहेत. आता मात्र स्वतःला विचारा की त्या पोरांपैकी गल्लीत किती उरलीत. बरीच पुण्याला, नाशिकला गेली असणार, काही तुमच्यासारखी महामार्गापलीकडे. जुन्या गावात आज दर चार-पाच दारांमागे एका दाराला कुलूप दिसतं, नाहीतर आत खोक्यांची थप्पी. तेव्हा गल्ली जशी होती तशी आहे असं धरून आईंना दिवसभर तिच्या भरवशावर सोडायचं, हेही बरोबर नाही. शेजारच्या दोन घरांत तुमचा नंबर भिंतीवर लिहून द्या, आईंची गोळ्यांची चिठ्ठी ओट्याच्या दारामागे चिकटवा, आणि आणीबाणीत गाडी कुठपर्यंत येते, तिथवर कोण आणणार, हे बोलून ठेवा. जुन्या गल्लीत असं बोलून ठेवायला कुणाला अवघड वाटत नाही.

कायद्याचं आता. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि घर त्यांच्या कमाईचं असेल तर हिंदू वारसा कायद्यानं आई, तुम्ही, भाऊ आणि बहीण, चौघांना सारखा वाटा, म्हणजे रुपयात चार-चार आणे. घर वडिलोपार्जित असेल तर हिशेब वेगळा पडतो, तो वकिलाकडून करून घ्या, पण २००५ च्या दुरुस्तीनंतर बहिणीचा हक्क भावाइतकाच आहे आणि तुमचे वडील तर २००५ नंतर बऱ्याच वर्षांनी गेले. तेव्हा "बहीण नको म्हणते" हे वाक्य तुम्ही लिहिलंय तितकं हलकं नाही. दुय्यम निबंधकापुढे आईंची आणि बहिणीची सही लागणारच. बहिणीकडून हक्कसोड करून घ्यायचा विचार मनात असेल तर तो रक्षाबंधनाला, साडीच्या घडीत घालून करू नका. आपल्याकडे तसं फार होतं. तिला वाटा द्यायचा तर द्या, ती आपखुषीनं सोडत असेल तर सोडू द्या, पण विचारा. आणि आईंचा वाटा कुणाच्याही नावे आत्ता करून घेऊ नका. उद्या त्यांना द्यायचाच असेल तर सांभाळ करण्याची अट दस्तात लिहून द्यावा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. हे तुम्हालाच सांगते आहे, कारण पत्र तुमचं आहे. तुम्ही तसे नाही, हे मला दिसतंय.

धाकट्या भावानं घाई करून आपला एकट्याचा वाटा व्यापाऱ्याला लिहून दिला तर? होऊ शकतं. पण राहत्या घराचा वाटा बाहेरच्यानं घेतला म्हणून त्याला घरात येऊन सोबत राहण्याचा हक्क मिळत नाही. त्यानं वाटणीचा दावा केला तर १८९३ च्या वाटणी कायद्याखाली घरातल्या माणसांना त्याचा वाटा कोर्टानं ठरवलेल्या किमतीत परत विकत घेता येतो. भावाला हे फोनवर शांतपणे सांगा. त्याला पैशाची गरज असेल तर तीही विचारा. पुण्याचे हप्ते असतात. तुम्हीच त्याचा वाटा हळूहळू घ्यायचं ठरवलंत तर निम्मा गुंता सुटेल.

रोखीबद्दल दोनच ओळी. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही आणि तेवढीच रक्कम दंडात जाऊ शकते. तुम्ही बँकेत नोकरी करता, हे मी तुम्हाला सांगावं लागतंय याचं जरा आश्चर्य वाटतं.

व्यापाऱ्याला शत्रू समजू नका. त्याला गोदाम हवंय, त्यात गैर काही नाही. पण तो घर पाडणार, आणि पाडल्यावर दोन्ही बाजूंच्या सामाईक भिंतींचं काय करणार हे त्याच्याकडून लेखी घेतल्याशिवाय कधीही, कितीही भावाला, सही करू नका. शेजाऱ्यांच्या खिडक्यांना वीस वर्षांहून जास्त काळ तुमच्या बाजूनं उजेड-वारा येत असेल तर १८८२ च्या सुखाधिकार कायद्यानं त्यांचाही हक्क झालेला असतो, आणि पुढचं भांडण विकणाऱ्याच्या नावानं सुरू होतं. महिन्याची मुदत त्यानं घातली आहे, तुमच्यावर ती बंधनकारक नाही. जुन्या गावातली जागा महिन्याभरात पळून जात नाही. त्याला म्हणा, आखाजी होऊ द्या, मग बसू. त्याला मागचा उतरवलेला भाग वर्षभरासाठी माल ठेवायला हवा असेल तर तो भाड्यानं द्यायचा विचार करायला हरकत नाही, पण करार लेखी आणि नोंदवलेला. आपल्या राज्यात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं करार नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. तोंडी दिलंत तर नंतर भाडेकरू सांगेल ती अट खरी धरली जाते. त्या भाड्यातून धाब्याची माती आणि आईंची रिक्षा निघेल.

आईंना विचाराल तेव्हा "घर विकू का?" असं विचारू नका. त्या "तुमचं तुम्ही बघा" म्हणतील, आणि त्याला होकार समजून तुम्ही निघून याल. आपल्याकडच्या बाया नकार असाच देतात. त्यापेक्षा ओट्यावर बसल्या बसल्या विचारा की मागचा भाग उतरवायचा आहे, सामान कुठं ठेवायचं, कोणती भांडी द्यायची, उखळ कुठं हलवायचं. त्या बोलायला लागतील. घराबद्दल त्यांना काय हवंय ते त्या बोलण्यात येईल. कदाचित तुम्हाला आणि मला, दोघांनाही चकित करून त्या म्हणतील की मला कंटाळा आलाय, विका. तसं म्हणाल्या तर विका.

दिवाळीनंतर वहनं सुरू झाली की त्यांना आठ-दहा दिवस तिथंच राहू द्या, सोबतीला नातवंडाला पाठवा. चैत्रात बिबडे तुमच्या कॉलनीच्या गच्चीवर घालायला त्यांना सांगा. गल्लीतल्या दोघी-तिघींना गाडीनं आणा. कॉलनीतल्या बाया वास आला की आपोआप वर येतील. त्यातून काही जुळलं तर जुळेल.

सोमवारी अर्धी रजा टाका आणि सिटी सर्व्हे ऑफिसातून मिळकत पत्रिका काढा. वडिलांच्या जागी वारसांची नावं लागली आहेत का, आणि लागली असतील तर त्यात आई आणि बहीण दोघी आहेत का, एवढं बघून मला कळवा. बऱ्याच घरांत फक्त मुलांची नावं चढवलेली सापडतात. तसं निघालं तर व्यापाऱ्याशी एक शब्दही बोलण्याआधी ते दुरुस्त करून घ्यावं लागेल.